राग नेमका कुणावर?



आमचं येरमाळा तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल ते येडाईमुळे. सोलापूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावरचं, कळंब तालुक्यातलं हे गाव. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेला लांबलांबून माणसं येतात आणि भक्तिभावानं चुन्याचे खडे वेचतात. बघण्यासारखी गर्दी असते, बरं का!

तर यात्रा संपून चार दिवस झाले होते. सकाळी प्रार्थना झाली आणि सातवीतला एक मुलगा (त्याला आपण बाळू म्हणू) वडिलांचा मोबाइल घेऊनच माझ्याकडे आला. रागानं नुसता लाल झाला होता.

“गुर्जी, हे बघा काय लिवलंय आपल्या यात्रंबद्दल!”

कुणीतरी इंटरनेटवरच्या आपल्या पानावर खडे वेचणाऱ्या बायांचा व्हिडिओ टाकला होता आणि खाली इतकं घाणेरडं लिहिलं होतं, की ते मी इथे सांगणार नाही. खोटं कशाला बोलू? माझंही डोकं तापलं. माझी आईसुद्धा दरवर्षी त्याच रानात वाकून खडे वेचते. हे आत्ताच्या आत्ता शिक्षकांच्या ग्रुपवर पाठवावं म्हणून माझा अंगठा पुढे सरकलाही होता. तेवढ्यात बाळू म्हणाला,

“गन्यानंच केलंय गुर्जी. नाव बघा की! सुट्टीत धरतोच त्याला. आमी धाजण हाव.”

गण्या म्हणजे सहावीतला गणेश. पानावर मालकाचं नाव होतं ‘गणेश’. एवढाच पुरावा! आमच्या शाळेच्या हजेरीपटावर पाच गणेश आहेत, आणि ज्याला धरायचं ठरलं होतं त्याच्या घरी साधा बटणांचा फोन आहे. अंगठा आपोआप मागे आला.

मधल्या सुट्टीपर्यंत मी त्या दहाजणांना वर्गात बसवून ठेवलं आणि एक गोष्ट सांगितली. खरी गोष्ट, आपल्या महाराष्ट्रातली.

तेव्हा ऑर्कुट नावाचं संकेतस्थळ फार लोकप्रिय होतं. २०१४ साली ते बंद झालं. त्यावर कुणीतरी छत्रपती शिवाजी महाराजांविषयी अत्यंत वाईट मजकूर टाकला. लोक चिडले आणि चिडणारच. पण राग निघाला कुणावर? काही ठिकाणी सायबर कॅफेंवर! म्हणजे पत्रात कुणी शिव्या लिहिल्या म्हणून पोस्टाच्या पेटीवर दगड मारण्यासारखंच. पुढे २००७ च्या ऑगस्टअखेर पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका तरुण संगणक अभियंत्याला पकडून आणलं. पन्नास दिवस तो येरवड्याच्या तुरुंगात होता. आणि नंतर कळलं, की तो मजकूर त्यानं टाकलेलाच नव्हता!

हे कसं झालं? तुम्ही इंटरनेट वापरता तेव्हा तुमच्या जोडणीला एक आकडा मिळतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. मात्र हा पत्ता घराच्या नंबरासारखा कायमचा असेलच असं नाही. आज सकाळी तुमच्याकडे असलेला आकडा संध्याकाळी दुसऱ्याच कुणाकडे जाऊ शकतो. एसटीत सीट नंबर अकरावर कोण बसलं होतं, असं कुणी विचारलं तर आपण आधी काय विचारू? कुठली गाडी आणि किती वाजताची! त्या अभियंत्याच्या बाबतीत इंटरनेट कंपनीकडून पोलिसांना चुकीची माहिती गेली होती. ज्यानं खरोखर लिहिलं तो बाहेर आणि ज्याला काहीच माहीत नाही तो आत.

आमचा बाळू तर आयपी पत्त्यापर्यंतही गेला नव्हता. नुसत्या नावावरच त्यानं निकाल लावला होता.

दुसरी हकीकत २०१२ सालची. १७ नोव्हेंबरला बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं, की माणसं रोजच जातात, मग शहर बंद कशाला? तिच्या मैत्रिणीनं ते आवडल्याची खूण केली, बस्स. दोघींना अटक झाली. जमावानं तिच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली. काकांनी तर एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं! दोघींना जामीन मिळाला आणि पुढे खटलाही मागे पडला. पण श्रेया सिंघल या तरुणीनं सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ‘६६ अ’ नावाचं एक कलम होतं. इंटरनेटवरचा मजकूर कुणाला ‘त्रासदायक’ वाटला तरी तीन वर्षांपर्यंत तुरुंग! आता त्रास कुणाला कशाचा होईल, याला काही माप आहे का? २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयानं ते कलम रद्दच केलं. न्यायालय म्हणालं, एखाद्या गोष्टीची चर्चा करणं वेगळं, तिची बाजू घेणं वेगळं आणि लोकांना चिथावणं वेगळं. चिथावणीपर्यंत गोष्ट गेली, की कायदा आडवा येऊ शकतो.

“म्हंजी कुनीबी कायबी लिवावं का?” बाळूनं विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता, आणि तुमच्याही मनात आला असेल.

नाही. आपल्या राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये बोलण्याचं स्वातंत्र्य दिलंय आणि त्याच कलमात त्याची कुंपणंही घातली आहेत. देशाची एकात्मता आणि सुरक्षितता, परदेशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, न्यायालयाचा मान, कुणाची बदनामी, गुन्ह्याची चिथावणी... एवढ्याच कारणांसाठी सरकार कायदा करून वाजवी बंधन घालू शकतं. ही यादी मी फळ्यावर लिहिली आणि विचारलं, “यात ‘कुणाला तरी राग आला’ असं कुठे आहे, शोधा बरं.” पोरांनी दोनदा वाचलं. कुठेच नाही! मात्र मुद्दाम, वाईट हेतूनं कुणाच्या धर्माचा अपमान करणं हा वेगळा गुन्हा आहे. पूर्वी तो २९५ अ कलमाखाली येई, २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या २९९ कलमाखाली येतो. पण तो हेतू होता की नव्हता, हे न्यायालयानं ठरवायचं असतं, मधल्या सुट्टीत दहाजणांनी नव्हे.

तिसरी गोष्ट मी मुलांना थोडक्यातच सांगितली, इथेही थोडक्यातच सांगतो. २०१४ च्या जूनमध्ये फेसबुकवरच्या अशाच अपमानकारक चित्रांवरून पुण्यात दंगा उसळला आणि हडपसरला जमावानं एका तरुणाला मारून टाकलं. तो आपल्या शेजारच्या सोलापूरचा, पुण्यात नोकरीला गेलेला. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

वर्ग एकदम गप्प झाला.

मग मी टिळक-आगरकरांवर आलो, कारण चूक फक्त चिडलेल्या जमावाचीच होते असं नाही, भल्याभल्यांचीही होते. ‘केसरी’ १८८१ साली सुरू झाला. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतो आणि त्यामागे दिवाण बर्वे आहेत, असं दाखवणारी काही पत्रं टिळक आणि आगरकरांच्या हाती आली. त्यांनी त्यावर विश्वास ठेवून मजकूर छापला. पत्रं निघाली बनावट! बर्व्यांनी बदनामीचा खटला भरला. १८८२ साली दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि प्रत्यक्षात १०१ दिवस मुंबईच्या डोंगरी तुरुंगात काढावे लागले. दोघंही तेव्हा सव्वीस वर्षांचे होते, हेतू स्वच्छ होता, पण पत्र मात्र खोटं होतं. मोबाइलवर आलेलं जसंच्या तसं पुढे ढकलताना मला हल्ली हे दोघे आठवतात. तरी त्यांनी निदान आपलं नाव छापून छापलं होतं!

आता त्या पानाचं काय केलं, ते सांगतो. ते कुणालाही पुढे पाठवलं नाही. पाठवलं असतं, तर ज्यानं लिहिलं त्याचंच काम आम्ही फुकटात केलं असतं. खाली शिव्याही लिहिल्या नाहीत, कारण जितकी भांडणं तितकं ते पान जास्त लोकांना दिसतं, तिथली यंत्रणाच तशी आहे. पानाचा पत्ता, तारीख आणि पडद्याचं चित्र जपून ठेवलं आणि त्या संकेतस्थळावरच्या सोयीतून तक्रार नोंदवली. (कुणी तुम्हाला धमकी दिली, तुमचा फोटो विकृत करून टाकला, तर मात्र क्षणभरही थांबू नका, घरी सांगा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार करता येते, आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. पालकहो, मुलानं असं काही दाखवलं तर आधी मोबाइल हिसकावून घेऊ नका. पुढच्या वेळी तो दाखवणारच नाही.)

चार दिवसांनी उत्तर आलं, ‘या मजकुरात आमच्या नियमांचा भंग दिसत नाही.’ मला वाटतं, ते उत्तर चुकीचं होतं. बाळू तर उसळलाच, “मग काय गप बसायचं?”

आगरकर गप्प बसले होते का? त्यांचे विचार न पटलेल्या लोकांनी ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. कुणाचं डोकं फोडायला ते गेले नाहीत. ‘सुधारका’त लिहीत राहिले.

हे ऐकून पाचवीतली एक मुलगी म्हणाली, “गुर्जी, पर खडं वेचत्यात कशापायी?” आणि काय सांगू, त्या दहाजणांपैकी एकालाही धड सांगता येईना! ज्याच्यासाठी मारामारी करायला निघाले, तेच ठाऊक नाही. मलाही आईला विचारावं लागलं. मग मुलांनी घरोघरी आज्यांना गाठलं. एकीचं सांगणं दुसरीशी जुळेना, तरी सगळं लिहून घेतलं. आठ दिवसांत शाळेच्या व्हरांड्यात मोठं भित्तिपत्रक लागलं. वर यात्रेचं चित्र आणि खाली प्रत्येक आजीचं सांगणं तिच्याच शब्दांत. बाजारच्या दिवशी गावातली माणसंही थांबून वाचून गेली.

भित्तिपत्रक लिहून काढलं गणेशनं, कारण शाळेत त्याच्यासारखं अक्षर दुसऱ्या कुणाचं नाही. बाळूनं त्याच्याशी त्या विषयावर अजून एक शब्द काढलेला नाही आणि गणेशला सगळं कळलेलं आहे. परवा खिचडीच्या रांगेत मात्र बाळूनं त्याला आपल्या पुढे घेतलं, आणि मागच्यांनी ओरडा केला तरी मागे हटू दिलं नाही.