व्हॉल्व्ह शेवटी बदला

व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर गुणगुणला की ‘त्याचा स्वभावच तो’ म्हणून सोडून द्यायचे आणि आवाज फाटू लागला की ‘व्हॉल्व्ह उतरला’ म्हणून नवा मागवायचा, या दोन मतांवर आपल्याकडच्या हौशी मंडळींची गाढ श्रद्धा आहे. मला दोन्ही मान्य नाहीत. शिरपूर जैनसारख्या गावात तर ती महागात पडतात. इथे व्हॉल्व्ह काही कोपऱ्यावरच्या दुकानात टांगलेला नसतो. तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर ऑनलाइन मागवायचा, वाट पाहायची, खोचायचा, आणि घुंई जिथल्या तिथे!

प्रतिपक्षाचे खरे तेवढे आधी कबूल करू. व्हॉल्व्ह झिजतो. कॅथोडवरच्या लेपातून इलेक्ट्रॉन निघणे वर्षांगणिक मंदावते. कधी तो नाजूकही निघतो. काचेवर पेन्सिलीने टिचकी मारली की हेडफोनात टणत्कार ऐकू येतो. रेडिओच्या जमान्यात मेकॅनिकचा पहिला हात व्हॉल्व्हलाच जाई, कारण सॉकेटमधून उपसून दुसरा बसवायला सोल्डरिंग लागत नाही. ती सोय होती. तिचे पुढे शास्त्र कधी झाले, ते कळलेच नाही.

गोडव्याचेही तसेच. एकट्या ट्रायोडवर चालणारा ॲम्प्लिफायर मूळ स्वरात मुख्यतः त्याच्या दुप्पट कंपनांचा स्वर मिसळतो. म्हणजे मध्य षड्जाला तार षड्जाची साथ. ती कानाला खटकेल कशी? पण घुंईचा या गोडव्याशी काडीचा संबंध नाही. तिला पत्ता असतो, आणि तो शोधता येतो.

आवाजाचे बटण शून्यावर आणा. तरीही घुंई तशीच राहिली तर दोष बटणाच्या पुढे, बहुधा वीजपुरवठ्यात. बटणाबरोबर ती वाढली तर मागे, केबलमध्ये किंवा गाणे जिथून येते त्या यंत्रात. मग कान देऊन तिची जात ओळखा. आपली वीज ५० हर्ट्झची. फुल-वेव्ह रेक्टिफायरमधून ती १०० हर्ट्झचे तरंग घेऊन बाहेर पडते आणि ते तरंग गिळण्याचे काम मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे. तो सुकला की १०० हर्ट्झची चरचरीत घुंई सुरू. सुकण्याला उष्णतेची घाई असते. ढोबळ हिशेबाने तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते, आणि वऱ्हाडातला मे महिना कोणाला सांगायला नको. ५० हर्ट्झची जाड घुंई मात्र बहुतेकदा अर्थिंगच्या फेऱ्यातून येते. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर ती थांबली तर चोर सापडला. आपल्या घरांत तिसरी पिन पुष्कळदा शोभेचीच असते. अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती जमिनीला टेकलेली नाही, अशी शिरपुरातली श्रद्धा. ॲम्प्लिफायरला मात्र जमीन लागतेच. घुंई घालवायला तिसरी पिनच कापून टाकणारे महाभाग आहेत. पत्र्याच्या चासीत कधी विद्युतदाब उतरला तर हात लावणाऱ्याची गाठ थेट त्याच्याशी.

आता फाटका आवाज. रब्बीच्या मोटारी सुरू झाल्या आणि २३० व्होल्टचे १९० झाले, तर ६.३ व्होल्टच्या फिलामेंटला जेमतेम ५.२ मिळतात. फिलामेंट थंड, प्लेटचा दाबही खाली. आवाज दबणार आणि फाटणारच. दहा टक्क्यांपेक्षा जास्त घट व्हॉल्व्हला मानवत नाही. अशा वेळी हवा स्टेबिलायझर, आणि आपण व्हॉल्व्हला म्हातारा ठरवून मोकळे होतो. दुसरा प्रकार अधिक वाईट. दोन टप्प्यांमधला कपलिंग कपॅसिटर गळू लागला की पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको तो धन दाब येतो, व्हॉल्व्ह नको तेवढा प्रवाह ओढतो आणि त्याची प्लेट लाल होते. नवा बसवा, तोही लाल होईल. बळी दोन, गुन्हेगार चाळीस-पन्नास रुपयांचा.

डावीकडेच दोष असेल तर आधी दुसरा हेडफोन लावून पाहा. दोष नाहीसा झाला तर ॲम्प्लिफायरच्या नादी लागूच नका. तसाच राहिला तर दोन बाजूंचे व्हॉल्व्ह अदलाबदल करा, अर्थात बंद करून, थंड झाल्यावर. दोष व्हॉल्व्हमागे गेला तरच व्हॉल्व्ह दोषी. जागेवर राहिला तर सॉकेटची काळवंडलेली पिन किंवा ड्राय सोल्डर पाहा. हेडफोनची एक गंमत अनेकांना चकवते. जॅकमधली दोन्ही कानांची सामायिक तार तुटली की कानांत फक्त डाव्या-उजव्यातला फरक उरतो. नव्या स्टिरिओ गाण्यातला मधोमध असलेला गायक गायब होतो, कडेची वाद्ये पोकळ वाजत राहतात. जुने मोनो गाणे तर जवळजवळ मुकेच होते. यावर ॲम्प्लिफायर उघडून बसणाऱ्याला काय म्हणावे?

‘भारी हेडफोन घेतला, तरी बास सुटा येत नाही’ ही तक्रारही व्हॉल्व्हच्या माथी मारली जाते. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या ॲम्प्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत रोध १०० ओहम धरू. ३२ ओहमचा हेडफोन अनुनादाच्या जागी ६० ओहमपर्यंत चढत असेल, तर तेवढ्याच पट्ट्यात आवाज सुमारे ४ डेसिबलने फुगतो. तोच ॲम्प्लिफायर ३०० ओहमच्या हेडफोनला सरळ वाजवतो. ६०० पर्यंत चढला तरी फरक सव्वा डेसिबलच्या आतच. बिघाड कुठेच नाही, सोयरीक चुकली. ‘शंभर तास वाजवा, आवाज उघडेल’ हा सल्ला इथे चालत नाही. गळका कपॅसिटर तर शंभर तासांत आणखी गळेल.

झाकण उघडण्यापूर्वी एक लक्षात असू द्या. बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट दबा धरून असू शकतात. रेझिस्टर लावून ते उतरवायचे, मल्टिमीटरने खात्री करायची, मगच आत हात. ज्याला हे जमत नाही, त्याने अर्थिंग, व्होल्टेज, जॅक आणि अदलाबदल एवढेच पाहावे. बाकीचे जाणत्या मेकॅनिककडे न्यावे आणि त्याला आधी कपॅसिटर तपासायला सांगावे. तो लगेच व्हॉल्व्हकडे वळला तर कारण विचारावे.