सोबतच्या पत्राविषयी

इंग्रजीत कादंबरी लिहून, अथवा आपल्या मराठी कादंबरीचा अनुवाद सिद्ध करून, ती लंडन-न्यूयॉर्कच्या साहित्यिक एजंटांकडे पाठवू इच्छिणारे लेखक सोबतच्या पत्राचे मसुदे आमच्याकडे अभिप्रायार्थ धाडतात, तेव्हा त्यांपैकी बहुतेकांचा आरंभ ‘हा माझा अल्पसा प्रयत्न गोड मानून घ्यावा’ अशा थाटाच्या क्षमायाचनेने झालेला आढळतो. उरलेले मात्र असे लेखन भारतात आजवर झालेच नाही, अशी ग्वाही स्वतःच देऊन मोकळे होतात. लेखकाने थेट प्रकाशकाच्या दारी जावे आणि पुढचे सारे ऋणानुबंधावर सोपवावे, ही आपली जुनी वहिवाट. तीत अशा पत्राचा सराव होण्याचे कारणच पडले नाही.

एजंट हा कोणी अंमलदार नव्हे की त्याच्यापुढे दरखास्त गुदरावी. ए. पी. वॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये हा व्यवसाय रूढ केला, तेव्हा लेखकाच्या प्राप्तीतील शेकडा 10 हा त्यांचा मेहनताना असे. आज स्वदेशातील विक्रीवर तो सामान्यतः 15 व परदेशातील विक्रीवर 20 असतो. पुस्तक विकले गेले तरच ज्याच्या पदरी काही पडते, तो आपले पत्र वाचताना संपादकापुढे स्वतः काय बोलावे, याचाच शोध घेत असतो. आणि त्यातले एखादे नेमके वाक्य संपादकाकडून विक्रीखात्याकडे व तेथून मलपृष्ठापर्यंत जाऊ शकते.

‘दुष्काळग्रस्त समाजाचे विदारक चित्रण’ हे वाक्य कोठेच जाणार नाही. ‘1972च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावरचा कारकून मेलेल्या मजुराचे नाव मस्टरवरून कमी करीत नाही, आणि त्याची मजुरी कोण उचलतो हे मजुराच्या विधवेला कळते’ असे लिहिणाऱ्याला आपल्या थोरवीविषयी निराळे काही बोलावे लागत नाही. त्याखाली शब्दसंख्या, कादंबरीचा प्रकार, अलीकडील एक-दोन सजातीय पुस्तके आणि स्वतःविषयी दोन ओळी पुरेत. लेखक तलाठी असल्यास ते अवश्य लिहावे, तालुका कविसंमेलनातील पारितोषिक (ते कितीही सन्मानाने मिळालेले असो) वगळावे.

अरुंधती रॉय यांचे हस्तलिखित वाचून लंडनचे एजंट डेव्हिड गॉडविन विमानाने भारतात आले, ही हकिकत नवोदितांना फार मोहवते. ते हस्तलिखित संपादक पंकज मिश्र यांच्या शिफारशीने त्यांच्यापर्यंत पोहोचले होते, हे मात्र सांगायचे राहून जाते. ज्याच्या पाठीशी असा मिश्र नाही, त्याने पानभर पत्र, सारांश आणि मागितली असतील तेवढीच प्रकरणे पाठवून, त्या संस्थेने जाहीर केलेली मुदत उलटेपर्यंत स्वस्थ राहावे, व नकार आल्यास हुज्जत न घालता दुसरीकडे लिहावे. हस्तलिखित वाचण्यासाठीच जो शुल्क मागतो, त्याच्याशी मात्र पत्रव्यवहार तेथेच थांबवावा; आपल्या कष्टांचे मोल जाणणाऱ्या लेखकाला एवढा करारीपणा शोभतो.