वजन नको, लिथियम मोजा

‘इलेक्ट्रिक गाडी घेतलीत खरी, पण बॅटरी मेली की टाकणार कुठे?’ हा प्रश्न हल्ली लग्नाच्या पंगतीतही कानावर येतो. या बॅटरीचे पुढे काहीच होत नाही, विषारी कचऱ्याचा डोंगर तेवढा उरतो, असे विचारणाऱ्याने धरलेलेच असते.

हा पूर्वपक्ष टिकत नाही. गाडीतून उतरवलेल्या बॅटरीत बहुधा ७० ते ८० टक्के क्षमता शिल्लक असते. गाडी पळवायला ती कमी पडते, वीज साठवून ठेवायला पुरते. ॲमस्टरडॅमच्या योहान क्रायफ स्टेडियममध्ये २०१८पासून निस्सान लीफ गाड्यांच्या नव्या-जुन्या बॅटऱ्या हेच काम करत आहेत. तेही आयुष्य संपले की बॅटरीतला उरला विद्युतभार काढून टाकतात, तिचे तुकडे करतात. तांबे आणि ॲल्युमिनियम वेगळे होते, खाली काळी भुकटी उरते. ती आम्लात विरघळवून लिथियम, निकेल, कोबाल्ट परत मिळवता येतात. इंजिनात जळालेले पेट्रोल असे परत मिळवता येत नाही, एवढे तरी प्रश्न विचारणाऱ्याने मान्य करावे.

दुसरा पक्ष उद्योगातल्या लोकांचा आहे आणि मला तो जास्त घातक वाटतो. ते म्हणतात, ‘मालाला किंमत आहे, बाजार आपोआप सगळे उचलेल.’ दाखला देतात शिशाच्या बॅटरीचा. जुनी बॅटरी दुकानात दिली की नवीच्या किमतीत सूट मिळते, म्हणून ती कोणी उकिरड्यावर टाकत नाही. खरे आहे. पण त्यातले शिसे गल्लीबोळातल्या भट्ट्यांमध्ये वितळवताना किती पोरांच्या रक्तात गेले, हे त्या दाखल्यात कधी येत नाही.

शिवाय लिथियमच्या बॅटरीला तो न्याय लागूच पडत नाही. गेल्या उन्हाळ्यात भोसरीत एका भंगाराच्या दुकानात मी उभा होतो. पोरगा छन्नीने स्कूटरची बॅटरी फोडत होता. ॲल्युमिनियमचे कव्हर एका ढिगात, तांब्याच्या तारा दुसऱ्यात. आतले सेल मात्र पोत्यात भरून भर उन्हात ठेवलेले. ‘ह्याला गिऱ्हाईक नाही, साहेब,’ मालक म्हणाला. त्यातला एक सेल आतून शॉर्ट झाला असता तर पोते पेटले असते, आणि त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असते. पोराच्या हातात साधे मोजेही नव्हते.

गिऱ्हाईक का नाही, याचे कारण रसायनात आहे. पुनर्प्रक्रियेचा खर्च भरून निघतो तो कोबाल्ट आणि निकेलवर. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रिक मोटारींत लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी असते. ती स्वस्त आणि तुलनेने सुरक्षित, पण तिच्यात ना कोबाल्ट, ना निकेल. म्हणून खर्चाची जबाबदारी कायद्यानेच कोणावर तरी टाकायला हवी. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती उत्पादकावर टाकली, हे योग्यच झाले.

पण त्या नियमांत एक भोक आहे. वाहनांच्या बॅटरीतून २०२६-२७पासून ९० टक्के सामग्री परत मिळवायची आहे, आणि हे ९० टक्के मोजायचे आहेत बॅटरीच्या कोरड्या वजनावर. लोह-फॉस्फेटच्या संयुगात लिथियम वजनाने साडेचार टक्क्यांच्याही आत. अख्ख्या बॅटरीत तर त्याहून कितीतरी कमी. म्हणजे सगळे लिथियम गटारात गेले तरी हिशेबाचा आकडा जेमतेम एक-दोन टक्क्यांनी हलेल. २०२७-२८पासून नव्या बॅटरीत ५ टक्के पुनर्प्राप्त सामग्री वापरण्याची अट येते आहे. तीही वजनातच! युरोपीय संघाने २०२३च्या आपल्या नियमात लिथियमचा आकडा वेगळा लिहिला आहे: २०२७अखेर ५० टक्के, २०३१अखेर ८० टक्के.

सप्टेंबर २०२५मध्ये केंद्राने खनिजांच्या पुनर्प्रक्रियेसाठी १,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तो पैसा परत मिळवलेल्या लिथियमच्या किलोवर द्यावा, फोडलेल्या बॅटरीच्या टनावर नव्हे. गाडी विकतानाच बॅटरीची अनामत घ्यावी आणि ती परत आणणाऱ्याला, मग तो भोसरीचा भंगारवाला का असेना, रोख द्यावी. आणि नियमांतल्या तक्त्यात लिथियमचा स्वतंत्र रकाना घालावा. २०२०च्या सुमारास रस्त्यावर आलेल्या गाड्यांच्या बॅटऱ्यांची आठ वर्षांची वॉरंटी २०२८च्या सुमारास संपते आहे.