वक्तृत्वाला दोष देऊ नका, जाब मागा

लोकशाहीला कंटाळलेला माणूस हटकून प्राचीन अथेन्सचा दाखला देतो. जिभेच्या जोरावर पुढाऱ्यांनी तिथल्या जनतेला नादी लावले, जमावाने सॉक्रेटिसाचा बळी घेतला आणि भाषणबाजीत ते राज्य बुडाले. तेव्हा बोलघेवड्यांना आवरा आणि निर्णय जाणकारांवर सोपवा, असे हे मत. प्लेटोने ‘गॉर्जियास’ या संवादात वक्तृत्वाला खुशामतीच्या पंक्तीत बसवले, तेव्हापासून या मताला मोठी प्रतिष्ठा आहे. ते इतिहास म्हणून चुकीचे आणि सल्ला म्हणून घातक आहे, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

आधी इतिहास पाहू. अथेन्सची लोकशाही आतून दोनदा उलथवली गेली, इ.स.पू. ४११ आणि ४०४ मध्ये. दोन्ही वेळा मूठभरांच्या गटाने. ४११ साली कोलोनस येथे सभा भरवून या मंडळींनी सर्वांत आधी काय केले? बेकायदा ठराव मांडणाऱ्यावर खटला भरण्याचा नागरिकांचा हक्क काढून घेतला. ४०४ साली स्पार्टाच्या पाठबळावर सत्तेत आलेल्या ‘तीस जुलमीं’नी वक्तृत्वकला शिकवण्यावर बंदी घातली, असे समकालीन लेखक झेनोफोन सांगतो. लोकशाही मोडायची तर आधी काय मोडावे लागते, हे तिच्या शत्रूंना पक्के ठाऊक होते. ४०३ मध्ये लोकशाही परत आली आणि पुढची ऐंशी वर्षे टिकली. लिसियस, एस्किनीझ, डेमॉस्थेनिस यांचा, म्हणजे ग्रीक वक्तृत्वाच्या ऐन बहराचा काळ हाच. ३२२ मध्ये ती संपली ती मॅसिडोनियाच्या सैन्यामुळे. भाषणांनी ती बुडवली, या म्हणण्याला आधार नाही.

दुसरा आक्षेप झुंडशाहीचा. इ.स.पू. ४०६ मध्ये आर्गिनुसाईची सागरी लढाई जिंकूनही, वादळात बुडणाऱ्या खलाशांना वाचवले नाही म्हणून अथेन्सने आपल्या सहा सेनापतींना देहदंड दिला. हा गुन्हाच होता. पण तो कसा घडला? प्रत्येकाचा स्वतंत्र खटला न चालवता एकाच मतदानात सर्वांचा निकाल लावावा, असा ठराव कॅलिक्सेनस याने आणला. युरिप्टोलेमस याने तो बेकायदा असल्याची हरकत घेतली. लोकांना हवे ते करू न देणे भयंकर आहे, असा गलका झाला. हरकत घेणाऱ्यांचाही सेनापतींबरोबरच निकाल लावण्याची धमकी मिळाली आणि हरकत मागे घ्यावी लागली. त्या दिवशी सभेच्या कार्यकारी मंडळावर असलेला सॉक्रेटिस एकटा ठाम राहिला. म्हणजे बोलणाऱ्याचे तोंड बंद केले गेले आणि कायदा बाजूला सारला गेला, तेव्हाच अन्याय झाला. पुढे ३९९ मध्ये खुद्द सॉक्रेटिसाला न्यायालयाने मृत्युदंड दिला. त्या निकालाचे समर्थन होऊच शकत नाही. पण मूठभरांच्या राज्यात काय होते, तेही सांगितले पाहिजे. तीस जुलमींनी काही महिन्यांत सुमारे दीड हजार माणसे मारली.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. स्त्रिया, गुलाम आणि परकीय रहिवासी यांना अथेन्सच्या सभेत जागा नव्हती. लिसियससारखा वकूबाचा माणूस परकीय ठरल्यामुळे आयुष्यभर बहुतेक दुसऱ्यांसाठी भाषणे लिहीत राहिला. हा कलंक पुसता येणार नाही. पण यातून निघतो तो निष्कर्ष एवढाच, की बोलण्याचा हक्क फार थोड्यांना होता. तो सर्वांना द्या, हा त्यावरचा उपाय. काढून घ्या, हा नव्हे.

आता अथेन्सकडून घ्यायचे काय? शब्दाची ताकद ओळखून तिला कायद्याने बांधण्याची त्यांची रीत. अथेन्सच्या अगोराच्या, म्हणजे मुख्य चौकाच्या, उत्खननात मातीचे एक पात्र सापडले. तळाशी बारीक तोटी; सुमारे साडेसहा लिटर पाणी मावते आणि सहा मिनिटांत रिकामे होते. न्यायालयात बोलण्याचा वेळ अशा पात्राने मोजत. दोन्ही बाजूंना सारखेच पाणी. खासगी दाव्यात कायदा किंवा साक्ष वाचली जात असताना ते अडवून धरत. श्रीमंत असो वा गरीब, पाणी संपले की बोलणे संपले.

सभेत कुणीही बोलावे, ठराव मांडावा. पण तो प्रचलित कायद्याविरुद्ध असेल तर कुणीही नागरिक त्याला न्यायालयात खेचू शकत असे, मग सभेने तो मंजूर केलेला का असेना. वर्षाच्या आत खटला झाला तर दंड मांडणाऱ्याला. उगाच खटले भरणाऱ्यालाही मोकळीक नव्हती. एक पंचमांश मते न मिळाल्यास हजार द्राख्मांचा दंड. डेमॉस्थेनिसला सुवर्णमुकुट द्यावा या ठरावावर एस्किनीझने असाच खटला भरला, ३३० मध्ये तो हरला आणि त्याला अथेन्स सोडावे लागले. ४०३ नंतर तर त्यांनी नियमच केला, की सभेचा कोणताही ठराव कायद्यापेक्षा वरचढ नाही. बहुमतालाही मर्यादा असते, हे अथेन्स आर्गिनुसाईची जबर किंमत मोजून शिकले.

याचा आपल्याशी थेट संबंध आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी संविधानिक नीतिमत्तेची कल्पना मांडली, ती ग्रीसचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रोटच्या आधारे. ही नीतिमत्ता आपल्याकडे आपोआप येणार नाही, जोपासावी लागेल, असे त्यांनी बजावले होते. आज आपली विधेयके पुष्कळदा गोंधळात, चर्चेविना मंजूर होतात. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेशाविरुद्ध मत दिले तर सदस्यत्व जाऊ शकते, त्यामुळे सभागृहातले उत्तम भाषणही मत फिरवू शकत नाही. सभागृहात पटवून देण्याचे मोल उरले नाही, म्हणून वक्तृत्व प्रचारसभेत गेले, आणि तिथे उलट प्रश्न विचारणारा कुणी नसतो. आपल्याकडे वक्तृत्व फार झाले, हा दोष चुकीचा आहे. उत्तर देण्याची सक्ती नसलेले वक्तृत्व फार झाले.

म्हणून मतदाराला विनंती एवढीच. आपल्या आमदाराचे, खासदाराचे भाषण किती रंगले हे विचारू नका. कोणत्या विधेयकाच्या बाजूने मत दिले, त्यावर सभागृहात काय बोललात, विरोधकांच्या हरकतीला काय उत्तर दिलेत, हे तीन प्रश्न पुढच्या सभेत उभे राहून विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.