सवलत द्या, पण फलकावर लिहून



सार्वजनिक सभागृहे स्थानिकांना सरसकट मोफत द्यावीत, हे या सदरातील एका पत्रलेखकाचे म्हणणे पटत नाही. वीजबिल, झाडलोट, तुंबलेली मोरी यांचा खर्च कोणाला तरी सोसावाच लागतो. भाडे नसेल तर तो घरपट्टीतून जातो, म्हणजे सभागृहाची पायरीही न चढलेल्यांच्या खिशातून. लग्नसराईत पूर्ण दर घ्यावा. उत्तरकार्य, बचत गटाची बैठक, नाटकाची तालीम यांना मात्र निम्म्याहून कमी. तालमीचेच पाहा: 8 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडले. शाहू महाराजांच्या काळातली, 1915 ची ती वास्तू. हौशी कलावंतांना परवडणाऱ्या जागेचे मोल तेव्हा साऱ्या कोल्हापूरला कळले. कळंब्यासारख्या शहरालगतच्या गावांतली सभागृहे त्यांना आडवारी स्वस्तात का मिळू नयेत?

खरे दुखणे सवलतीचे नाही, ती कोणाच्या फोनवर मिळते याचे आहे. बारशासाठी भरलेली अनामत परत मिळवायला आमच्या शेजारणीला महिनाभर खेपा घालाव्या लागल्या. पावतीवर परतीची तारीखच नव्हती. भाडे, अनामत, वीज, सफाई यांचे दर वेगवेगळे लिहून दारावर लावा. सवलत कोणाला आणि किती, हे ग्रामसभेत वाचून ठरवा.

– एक वाचक, कळंबा