घोरणे थांबते तेव्हा

घोरणाऱ्या माणसाची घरोघरी चेष्टाच होते. लग्नघरी रात्री हॉलमध्ये गाद्यांची रांग पडली की 'काकांच्या शेजारी कोण झोपणार' यावरून हसाहशी होते. रेल्वेच्या डब्यात एखादा घोरासुर असला की अख्खा डबा जागा राहतो आणि सकाळी तोच गृहस्थ सर्वांना विचारतो, "काय, झोप झाली ना नीट?" बायको कुरकुरते, मुले नक्कल करून दाखवतात. या सगळ्यामागे एक समजूत पक्की बसलेली असते. माणूस घोरतो आहे, म्हणजे त्याला गाढ झोप लागली आहे. डाराडूर झोपलाय, झोपू द्या.

ही समजूत पुष्कळदा चुकीची असते. काही घोरणाऱ्यांना रात्रभर धड झोप लागलेलीच नसते, आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नसतो.

असा गृहस्थ कसा असतो, पाहा. वय पन्नाशीच्या आसपास. रात्री दहाला पाठ टेकतो, सकाळी साडेसहाला उठतो. साडेआठ तास झाले. तरी उठताना अंग जड असते, तोंडाला कोरड पडलेली असते, डोके ठणकते. जेवणाच्या सुट्टीनंतर फाइल उघडी ठेवून पेंगतो. लोकलमध्ये दांडीला धरून उभ्या उभ्या डुलकी काढतो. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागते म्हणून मधुमेहाची तपासणी करून घेतो. रक्तदाबाच्या गोळ्या एकाच्या दोन, दोनाच्या तीन होतात, पण दाब खाली येत नाही. हल्ली चिडचिड वाढली आहे, विसरभोळेपणाही. प्रत्येक तक्रारीसाठी तो वेगळ्या वेळी डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर विचारतात, "झोप कशी आहे?" तो सांगतो, "उत्तम! पडल्या पडल्या लागते."

तो खोटे बोलत नसतो. रात्री काय घडते ते फक्त त्याच्या बायकोला ठाऊक असते आणि तिला कोणी विचारलेलेच नसते. बरेचदा तर ती घोरण्याला कंटाळून मुलांच्या खोलीत झोपायला गेलेली असते. म्हणजे या आजाराचा एकुलता एक साक्षीदारही उठून गेला!

या आजाराचे नाव स्लीप अॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबणे. झोपेत सर्वच स्नायू सैल पडतात, तसे घशाचेही पडतात. जीभ मागे सरकते, टाळूचा मऊ भाग व पडजीभ खाली येते. वाट अरुंद झाली की हवा जाताना हे भाग थरथरतात, ते घोरणे. वाट पुरतीच मिटली की घोरणे बंद. छाती-पोट वर-खाली होत राहते, पण आत हवा जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. रक्तातला प्राणवायू कमी होत जातो, मेंदूला धोक्याची सूचना मिळते आणि तो माणसाला क्षणभर जागा करतो. स्नायू ताठरतात, घसा उघडतो, मोठा घुर्रकन आवाज करून श्वास सुरू होतो आणि माणूस पुन्हा झोपेत बुडतो. ही जाग इतकी अल्प असते की सकाळी आठवतही नाही. असे तासाला तीस वेळा झाले, तर सात तासांत दोनशे दहा वेळा. मग दिवसा पेंग येईल नाही तर काय!

रात्री लघवीला उठण्याचा उलगडाही यातच आहे. बंद घशातून हवा ओढण्याच्या धडपडीत छातीत ताण निर्माण होतो, हृदयाचे कप्पे ताणले जातात, आणि त्यांतून असे एक संप्रेरक सुटते की मूत्रपिंडे जास्त पाणी बाहेर टाकू लागतात. दरवेळी दोष मधुमेहाचा किंवा प्रोस्टेटचाच असतो, असे नाही.

कान देऊन ऐका

शेजारी झोपणाऱ्याने ऐकायचे असते ते घोरणे नव्हे, घोरण्यातला खंड. एका लयीत रात्रभर चालणारे घोरणे त्रासदायक खरे, पण घाबरण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. आवाज चढत जातो, अचानक सारे शांत होते, ऐकणाऱ्याच्या छातीत धस्स होते, आणि मग गुदमरून सुटल्यासारखा हुंदका येऊन पुन्हा घोरणे सुरू होते. पुष्कळ बायका अशा वेळी नवऱ्याला कोपराने ढोसतात आणि तो कुशीवर वळला की निश्चिंत होतात. सकाळी विषय निघाला, तर तो ठाम नकार देतो. "मी? मी कुठे घोरतो?"

वाद घालण्यात अर्थ नाही. मोबाइल फोन आता घरोघरी आहे. त्यावर दहा-पंधरा मिनिटांचे चित्रण करावे. चेहरा आणि छाती दोन्ही दिसतील इतका उजेड ठेवावा, कारण आवाज नसताना छाती हलते का, हे डॉक्टरांना पाहायचे असते. छातीची हालचालही थांबत असेल, तर प्रकार निराळा असू शकतो. मेंदूकडून श्वासाचा हुकूमच निघत नाही, असा एक कमी आढळणारा प्रकार आहे. चित्रण पहाटे तीन ते पाचच्या सुमारास करणे चांगले. स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते, त्या झोपेत स्नायू अधिक सैल पडतात आणि श्वास अधिक वेळा थांबतो. उताणे झोपल्यावरही त्रास वाढतो. रात्री मद्य घेतले असेल तर विचारूच नका.

आणि सर्वांत महत्त्वाचे, डॉक्टरांकडे जाताना जोडीदाराने बरोबर जावे. बाहेर बाकावर बसून न राहता आत जावे आणि काय ऐकले, काय पाहिले ते सांगावे.

आजार नवा नाही

चार्ल्स डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स' या १८३६-३७ मधील कादंबरीत जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो दार ठोठावता ठोठावता उभ्यानेच झोपी जातो आणि सगळ्यांना हसवतो. १९५६ साली अमेरिकन डॉक्टरांनी अतिलठ्ठपणा, सतत पेंग आणि मंदावलेला श्वास असलेल्या रुग्णाचे वर्णन करताना या पोराचीच आठवण काढली. झोपेत घसा बंद होतो, हे युरोपातील संशोधकांनी १९६५मध्ये यंत्रांवर नोंदवून दाखवले.

आपल्या देशात तो किती? मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात नेहमीच्या आरोग्य-तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वर्षांच्या ६५८ पुरुषांची पाहणी डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २००४मध्ये प्रसिद्ध केली. श्वास थांबणे आणि दिवसा पेंगणे, दोन्ही असलेल्यांचे प्रमाण सुमारे साडेसात टक्के निघाले. हे कोणी आजारी म्हणून आलेले लोक नव्हते, हे विशेष. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे फेब्रुवारी २०२२मध्ये मुंबईत निधन झाले, तेव्हा रुग्णालयाने कारण म्हणून याच आजाराचे नाव सांगितले होते. तेव्हा कुठे अनेकांनी ते पहिल्यांदा ऐकले.

लठ्ठ माणसांत, विशेषतः ज्यांची मान जाड आहे त्यांच्यात, हा आजार जास्त. पण शेलाटा माणूस सुटला असे नाही. जबडा लहान किंवा हनुवटी मागे असली, की घशाची वाट मुळातच अरुंद असते. बायकांच्या बाबतीत तर निदान हमखास हुकते. रजोनिवृत्तीनंतर त्यांचा धोका वाढतो, पण त्या 'घोरते' असे सांगायला लाजतात, आणि कित्येकींची तक्रार पेंग येण्याची नसतेच. झोप न लागणे, सकाळचे डोके दुखणे, कायमचा थकवा असे त्या सांगतात. घरकामाचा शीण, रक्त कमी, मनाला लावून घेता, असे ऐकून परत येतात. नवरा गाढ झोपणारा असला, तर साक्षीदारही नाही.

लहान मुलांत कारण बहुधा वाढलेले टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी, ज्यांना अॅडिनॉइड म्हणतात. असे मूल तोंड उघडे टाकून झोपते, घोरते, घामाघूम होते, कधी मोठेपणीही अंथरूण ओले करते. दिवसा ते पेंगण्याऐवजी उलट दंगा करते, अभ्यासात लक्ष देत नाही. द्वाड म्हणून त्याला मार देण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे.

तपासणी कोणती?

दवाखान्यात आधी रक्तदाब, वजन, मानेचा घेर, घसा, नाक व जबडा पाहतात. थायरॉइडची शंका आली तर रक्त तपासतात. मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१मध्ये एक सोपी प्रश्नावली दिली. वाचताना, टीव्ही पाहताना, दुपारी आडवे झाल्यावर, कोणाशी बोलत बसलेले असताना, अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, याला शून्य ते तीन गुण द्यायचे. चोवीसपैकी दहाच्या वर गेले की पेंग जास्त. पण माणसे स्वतःला गुण देताना हात आखडतात. तेव्हा तोच कागद जोडीदाराकडूनही वेगळा भरून घ्यावा. दोन कागदांतला फरक बोलका असतो. आणि गुण कमी आले, तरी तेवढ्यावरून आजार नाही असे ठरत नाही.

पक्के निदान होते ते निद्रापरीक्षणातच. एक रात्र प्रयोगशाळेत झोपायचे. डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला व छातीला तारा लावतात, नाकापाशी हवेचा प्रवाह मोजणारी नळी, छाती-पोटाला पट्टे, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा. सुई नाही, दुखत नाही. 'इतक्या तारांत झोप कशी लागणार?' ही भीती सर्वांनाच असते, पण बहुतेकांना निदानापुरती लागते. श्वास पूर्ण किंवा अर्धवट अडण्याच्या घटना तासाला सरासरी किती, यावर आजार ठरतो. मोठ्या माणसांत पाच ते पंधरा म्हणजे सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या वर तीव्र.

घरी करायची छोटी तपासणीही मिळते आणि अनेकांना ती पुरते. तिची एक मेख मात्र माहीत असावी. बहुतेक घरगुती यंत्रांना माणूस झोपला की जागा, हे नीटसे कळत नाही. ती एकूण तासांनी भागाकार करतात, त्यामुळे आकडा खरा असतो त्याहून कमी येऊ शकतो. लक्षणे स्पष्ट असून घरची तपासणी 'ठीक' आली, तर प्रयोगशाळेतली करून घ्यावीच. करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर दिवसा बोटाला लावून समाधान मानू नये. जागेपणी आकडा चांगलाच येतो. मनगटावरच्या घड्याळाने इशारा दिला तर दुर्लक्ष करू नये, पण ते गप्प बसले म्हणून निर्धास्तही होऊ नये.

निदान झाले की उपाय आहेत. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१मध्ये नाकावरील मुखवट्यातून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवण्याचे यंत्र दाखवले. सीपॅप नावाने ते आजही मध्यम व तीव्र आजारात पहिला उपाय आहे. पहिले काही दिवस अवघड जाते, पण सवय होते. वजन उतरवणे, कुशीवर झोपणे, दातांवर बसवायचे जबडा पुढे ठेवणारे साधन, काहींना शस्त्रक्रिया, हे सारे आजाराच्या प्रकारावर अवलंबून. झोप नीट होत नाही म्हणून दुकानातून झोपेच्या गोळ्या आणून घेणे मात्र घातक, कारण काही गोळ्यांनी घसा आणखी सैलावतो. आणि ज्याला स्टिअरिंगवर डुलकी येते, त्याने उपचार लागू पडेपर्यंत गाडी चालवू नये. तो ट्रकचालक असो की स्वतःच्या गाडीतून कुटुंबाला गावी नेणारा.

कोणत्याही शस्त्रक्रियेआधी, मग ती हर्नियाची असो वा गुडघ्याची, झोपेतल्या या त्रासाची गोष्ट भूलतज्ज्ञाला सांगावी. भुलीच्या व वेदनाशामक औषधांनी घसा जास्त सैल पडतो आणि शस्त्रक्रियेनंतरची रात्र अवघड जाऊ शकते. आज जगभर वापरली जाणारी 'स्टॉप-बँग' ही आठ प्रश्नांची यादी टोरांटोच्या भूलतज्ज्ञ डॉ. फ्रान्सिस चुंग यांच्या कामातून पुढे आली, ती याच काळजीपोटी. त्यातला एक प्रश्न आहे, झोपेत तुमचा श्वास थांबलेला कोणी पाहिला आहे का? त्याचे उत्तर रुग्णाने एकट्याने देऊ नये.