ऑपरेशन झाले, आता गोळ्यांचे काय?

आपल्याकडे आजारपणात मदत मागायची एक ठरलेली रीत आहे. ऑपरेशनची तारीख ठरते, हॉस्पिटलकडून खर्चाचा कागद मिळतो, तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीत एलान होतो. नातेवाईक, कारखान्यातले सोबती, मुलांच्या शाळेतले शिक्षक, ज्याला जमेल तो जमेल तेवढे देतो. विमा असेल तर कंपनी मोठा वाटा उचलते. ऑपरेशन होते, रुग्ण घरी येतो, सगळे अल्लाहचे शुक्र मानतात आणि आपापल्या कामाला लागतात. त्यानंतर त्या घरात दर महिन्याला औषधांचे जे बिल येत राहते, त्याचा एलान कधीच होत नाही.

आज त्याच बिलाविषयी लिहायचे आहे. विमा कंपनी, सरकारी योजना आणि आपली जकात या तिघांना मी गेली काही वर्षे जवळून पाहते आहे. तिघांची एक सवय सारखी आहे. रुग्ण खाटेवर असेपर्यंत पैसे मिळतात. तो उठून घरी गेला की हात आखडतो. पण कितीतरी आजार असे आहेत, ज्यांत खरा खर्च घरी आल्यावर सुरू होतो.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. आमच्या पालकांना सरकारी मराठी जड जाते आणि कंपन्यांची इंग्रजी त्याहून जड. त्यामुळे शाळा सुटल्यावर कोणी ना कोणी कागद घेऊन उभे असते. "टीचर, जरा वाचून सांगा, काय लिहिलंय?" रेशनकार्ड, शिष्यवृत्ती, बँकेची नोटीस, आणि अलीकडे विमा कंपन्यांची पत्रे.

असेच एक पत्र माझ्या एका विद्यार्थिनीची आई घेऊन आली होती. तिच्यावर किडनी प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली होती. किडनी सख्ख्या बहिणीने दिली. नवऱ्याच्या नोकरीतून मिळालेल्या विम्याने ऑपरेशनचे पैसे दिले, उरलेले समाजाने दिले. प्रत्यारोपणानंतर शरीर परकी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट यांसारखी औषधे घ्यावी लागतात. महिनाभर नव्हे, किडनी चालू आहे तोवर, म्हणजे जन्मभर. तिचे बिल महिन्याला १२ हजारांच्या आसपास होते आणि नवऱ्याचा पगार २२ हजार. कंपनीने चार महिन्यांची बिले एकाच वाक्यात परत पाठवली होती: रुग्ण दाखल नसताना घेतलेली औषधे पॉलिसीत बसत नाहीत.

पत्र वाचून झाल्यावर मी विचारले, "मग गोळ्या घेता ना वेळेवर?" ती खाली बघून म्हणाली, "डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ सांगितली आहे. मी सकाळचीच घेते. तेवढीच जास्त दिवस पुरते."

या औषधांत अर्धी मात्रा म्हणजे अर्धा फायदा असा हिशेब नसतो. रक्तातले प्रमाण खाली गेले तर शरीर किडनी नाकारू शकते, आणि मग पुन्हा डायलिसिस, बहुधा आठवड्यातून तीनदा. बहिणीची किडनी, कंपनीचे लाखो रुपये, लोकांनी जमवलेली रक्कम हे सगळे एका चुकवलेल्या गोळीवर टांगलेले होते. आणि ती गोळी चुकवत होती, कारण पुन्हा मागायची तिला लाज वाटत होती. "एवढं दिलं लोकांनी, आता आणखी कुठल्या तोंडाने मागू?" हे तिचे शब्द.

कंपनीच्या नकाराकडे कसे बघावे, ते आधी सांगते. नकार दोन प्रकारचे असतात. एक नियमाला धरून असतो, दुसरा चुकीचा असतो. पत्रात दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून पत्र वाचून गप्प बसू नये, पॉलिसी उघडून बसावे. बहुतेक पॉलिसींत रुग्णालयातून सुटल्यानंतर ठरावीक दिवसांचा खर्च मिळतो, साधारणपणे ६० किंवा ९० दिवसांचा. कॅशलेस उपचार झाला असला तरी या खर्चाचा दावा वेगळा भरावा लागतो, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि दुकानाची पक्की बिले लागतात. तिच्या पॉलिसीत ६० दिवस होते. मी कोऱ्या कागदावर तारखांचा तक्ता केला. चारपैकी दोन बिले ६० दिवसांच्या आतली निघाली. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला तसे लेखी कळवल्यावर त्या दोन बिलांचे पैसे मिळाले. वाद घालावा लागला नाही, फक्त तारखा लिहाव्या लागल्या.

विमा नियामकाच्या २०२४च्या निर्देशांनुसार दावा नाकारताना पॉलिसीतल्या कोणत्या अटीमुळे नाकारला, हे कंपनीने सांगायचे असते. "बसत नाही" एवढे पुरेसे नाही. कंपनीने ऐकले नाही, किंवा ३० दिवसांत उत्तरच दिले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे इथे त्यांची कार्यालये आहेत. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचा आदेश ते देऊ शकतात. मात्र कंपनीचा अंतिम नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत जावे लागते. आमच्या मोहल्ल्यात विमा काढलेली घरे पुष्कळ आहेत. लोकपाल हा शब्द ऐकलेली घरे मला फार भेटली नाहीत.

उरलेल्या दोन बिलांचा नकार मात्र नियमाला धरून होता. ६० दिवस संपले होते. तिथे कंपनीशी भांडून उपयोग नव्हता, दुसरा रस्ता शोधायला हवा होता.

पहिला रस्ता किमतीचा. एकाच औषधाच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या किमतींत मोठा फरक असतो. जनऔषधी केंद्रे आहेत, काही मोठ्या सरकारी रुग्णालयांत 'अमृत' नावाची दुकाने आहेत. रक्तदाब, मधुमेह यांच्या गोळ्यांसाठी तर तिथे जायलाच हवे. पण प्रत्यारोपणाच्या औषधांबाबत एक इशारा देते. टॅक्रोलिमससारख्या औषधाचा ब्रँड दुकानदाराच्या सांगण्यावरून किंवा स्वतःच्या मनाने बदलू नये. डॉक्टरांना स्पष्ट सांगावे की हे परवडत नाही. ते स्वस्त पर्याय देतील आणि रक्तातले प्रमाण तपासून मात्रा ठरवतील. अनेक रुग्ण डॉक्टरांसमोर पैशांचा विषय काढत नाहीत. मग डॉक्टर समजतात की गोळ्या चालू आहेत.

दुसरा रस्ता संस्थांचा. सरकारी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक असतात. कोणता न्यास कशासाठी मदत करतो, हे त्यांना ठाऊक असते. धर्मादाय नोंदणी असलेल्या मोठ्या खासगी रुग्णालयांना आपल्या बिलांच्या २ टक्के रक्कम गरीब रुग्णांच्या निधीत ठेवावी लागते. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक म्हणून सवलत मागता येते. मुख्यमंत्री सहाय्यता निधी आहे, सिद्धिविनायक मंदिराचा न्यास रुग्णाचा धर्म न बघता मदत करतो. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांचे पत्र, खर्चाचा कागद, रेशनकार्ड आणि आधार यांच्या चार-पाच प्रती तयार ठेवल्या तर निम्मे काम होते. पण या बहुतेक ठिकाणची मदत एकदाच मिळते, आणि सहसा रुग्णालयाच्या नावाने निघते. औषध दुकानाचे पुढच्या महिन्याचे बिल तिथे कोणी विचारत नाही.

तिसरा रस्ता फार महागड्या, पेटंट असलेल्या औषधांसाठी आहे. अशा औषधांच्या कंपन्या काही रुग्णांना औषध मोफत किंवा सवलतीत देण्याचे कार्यक्रम चालवतात. २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अशा कार्यक्रमांतून मोफत दिल्या जाणाऱ्या आणखी काही औषधांचा आयातकर माफ झाला. अर्ज डॉक्टरांमार्फत जातो, म्हणून विचारायचे डॉक्टरांनाच. तरी कंपनीची मेहेरबानी आणि रुग्णाचा हक्क यांतला फरक विसरू नये. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिव्हेक औषधाचे पेटंट नाकारले, त्यामुळे भारतीय कंपन्यांचे कित्येक पटींनी स्वस्त औषध बाजारात राहिले. एका निकालाने जितक्या घरांची चूल वाचली, तितकी शंभर दानशूरांना वाचवता आली नसती.

आता आपल्या घरातला प्रश्न. आपली जकात कुठे जाते?

रमजानमध्ये आपल्या वस्त्यांत किती पैसा फिरतो ते आपण सगळे बघतो. मदरशांच्या पावत्या, रेशनची पाकिटे, ईदचे कपडे. त्यातले काही वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण वर्षाच्या एका महिन्यात पाऊस आणि अकरा महिने कोरडे, अशी ही व्यवस्था आहे. किडनीची गोळी शाबानमध्येही लागते आणि मुहर्रममध्येही.

यावर एक आक्षेप मी ऐकला आहे. "त्यांचं स्वतःचं घर आहे, विमा आहे, नवरा नोकरीला आहे. ते कसले जकातीचे हकदार?" राहते घर निसाबात मोजत नाहीत, हे आपण लहानपणी मक्तबमध्ये शिकलो आहोत. ज्याच्याकडे गरजा आणि कर्ज वजा जाता निसाबाइतके काही उरत नाही, तो हकदार आहे, मग त्याच्या दाराला रंग असो वा नसो. कुरआनने जकातीचे जे आठ वाटेकरी सांगितले, त्यांत कर्जाने दबलेलाही आहे. आणि आजारपण हे आज मध्यम घरांना कर्जात ढकलणारे मोठे कारण आहे. हात पसरणारा आपल्याला दिसतो. दार लावून गोळी अर्धी करणारा दिसत नाही. त्याला शोधणे हीसुद्धा जकात देणाऱ्याचीच जबाबदारी आहे.

आमच्याकडे काय झाले ते सांगते, कारण ते कुठेही होऊ शकते. बारा घरांनी दरमहा एक-एक हजार द्यायचे ठरवले. पैसे कोणाच्या हातात द्यायचे नाहीत, औषध दुकानातल्या खात्यावर जमा करायचे. हिशेब दोघांकडे, त्यातली एक बाई. रुग्णाचे नाव बारा घरांना सांगायचे नाही. त्यांना फक्त बिल दिसते. फोटो नाही, पोस्टर नाही, मुलीला शाळेत कोणी काही विचारायचे नाही. जकात वर्ष पूर्ण होण्याआधी आगाऊ देता येते, असे आमच्या आलिमांनी सांगितले, त्यामुळे बहुतेकांनी वर्षाच्या जकातीचेच बारा भाग केले. पुढे डॉक्टरांनी औषध बदलून दिले, बिल कमी झाले, आणि उरलेल्या पैशांत दुसऱ्या एका घराच्या इन्सुलिनची सोय झाली. ते घर हिंदू आहे, म्हणून तिथे जकातीऐवजी नफ्ली सदक्याचे पैसे लावले. विद्यार्थिनीची आई आता दोन्ही वेळच्या गोळ्या घेते.

पण बारा घरांवर राज्य चालत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आले, १ जुलै २०२४ पासून शिधापत्रिकेचा रंग न बघता ती सर्वांसाठी खुली झाली, किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख करण्यात आली. हे चांगलेच झाले. मात्र रुग्णालयातून सुटल्यावर योजनेची सोबत साधारण १० दिवसांची. ज्या औषधांशिवाय साडेचार लाखांचे काम वाया जाते, ती औषधे योजनेबाहेर ठेवण्यात कसला हिशेब आहे? शेजारच्या तेलंगणात आरोग्यश्री योजनेतून प्रत्यारोपण झालेल्यांना पुढची औषधेही दिली जातात. आपल्या जिल्हा रुग्णालयांच्या औषध खिडकीवर ती का मिळू नयेत? विमा कंपन्यांनाही हाच प्रश्न आहे. डायलिसिसचा दाखल खर्च द्यायचा आणि डायलिसिस टाळणारी गोळी नाकारायची, हा धंद्याच्या दृष्टीनेही शहाणपणा वाटत नाही. निवडणुकीत मते मागायला येणाऱ्यांना हे विचारता येते. आपण त्यांच्याकडे कब्रस्तानाची भिंत मागतो, शादीखाना मागतो. औषधाची खिडकी मागितलेली मी ऐकलेली नाही.

तोवर आपल्या हातात आहे ते करू या. ओळखीत कोणाचे मोठे ऑपरेशन झाले असेल तर सहा महिन्यांनी त्या घरी जा. तब्येत विचारून झाली की हळूच हेही विचारा, "गोळ्या पूर्ण चालू आहेत ना?" उत्तर यायला उशीर लागला तर समजून घ्या, आणि औषधांची चिठ्ठी मागून घ्या.